हस्तिदंताला जर्मन भाषेत ‘परीचा पाय’ का म्हणतात?

तुमचा प्रश्न असा आहे: हस्तिदंताला जर्मनमध्ये ‘एल्फेनबाइन’ म्हणतात, एल्फे म्हणजे परी, बाइन म्हणजे पाय, तर या दोघांचा हस्तिदंताशी संबंध काय, आणि असे विचित्र जोडशब्द आणखी कोणते?

परीचा पाय म्हणत नाहीत. कधीच म्हणत नव्हते. या शब्दात परीही नाही आणि पायही नाही. हत्ती आहे आणि हाड आहे. ‘हत्तीचं हाड’, एवढाच त्याचा अर्थ.

खरं तर इथेच थांबता आलं असतं. पण या एका शब्दावरून आमच्या घरात तेरा वर्षं वाद चालला होता, आणि प्रश्नातलं ‘परीचा पाय’ वाचल्यावर मला राहवलं नाही. सविस्तर लिहिते.

२००३ साली मी पुण्यात नोकरी करून संध्याकाळी जर्मनच्या वर्गाला जात होते. वर्गात एकदा हा शब्द आला. शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर त्याचे दोन तुकडे केले, एल्फेन आणि बाइन, आणि म्हणाल्या, परीच्या पायासारखी गोरी, नाजूक, गुळगुळीत वस्तू म्हणून हे नाव. मला ते इतकं आवडलं की मी वहीत चौकट करून लिहून ठेवलं.

त्या दिवाळीत मिरजेला घरी गेले. आमच्या आजीकडे एक हस्तिदंती फणी होती, तिला तिच्या सासूने दिलेली. आता पिवळट पडली आहे, दोन दाते तुटले आहेत. नरक चतुर्दशीला पहाटे तेल लावून झालं की आजी आम्हा सगळ्या नातींचे केस एकदा तरी त्या फणीने विंचरायचीच. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, “आजी, तुझ्या फणीला जर्मन लोक काय म्हणतात माहीत आहे? परीचा पाय!” आजीने फणी उजेडात धरून पाहिली. तिला ते फार गोड वाटलं. समोर अण्णा बसले होते. अण्णा म्हणजे माझे थोरले काका, हायस्कुलात पस्तीस वर्षं संस्कृत शिकवलेले.

अण्णा म्हणाले, “परी-बिरी काही नाही. इभ. अमरकोशात हत्तीच्या नावांत बघ, इभ आहे. त्याला पुढे अरबांचं ‘अल्’ चिकटलं, अल्-इभ झालं, ग्रीकांनी त्याचं एलेफास केलं आणि जर्मनांनी एल्फेन. तू पैसे भरून जे शिकतेस ना, ते आपल्याच घरातलं आहे.”

मी म्हटलं, आमच्या बाईंनी सांगितलंय. त्यावर ते म्हणाले, “बाई सांगतात हा पुरावा नव्हे. पुरावा आण.”

सगळ्या घरादारासमोर. माझ्याकडे पुरावा नव्हता. पण अण्णांकडेही नव्हता, आणि हे मला तेव्हा बोलता आलं नाही. ते मला फार दिवस लागून राहिलं. पुढे दर दिवाळीला फराळाच्या ताटावर अण्णा विचारायचे, “काय गं, सापडली का परी?”

२०१३च्या शेवटी मी कामानिमित्त जर्मनीत डार्मश्टाटला आले. तिथून ओडेनवाल्डच्या डोंगरांत जाणारी एक लहान रेल्वे आहे, तिच्या वाटेवर एर्बाख नावाचं गाव लागतं. तिथल्या काउंट फ्रान्झ पहिल्याने १७८३ साली गावात हस्तिदंताच्या कोरीवकामाची सुरुवात करून दिली, आणि पुढे सबंध गाव त्या धंद्यावर जगलं. हस्तिदंताचं संग्रहालयही तिथेच आहे. मी २०१४च्या वसंतात एका रविवारी गेले. काचेपलीकडे गुलाबाची कोरलेली फुलं होती, हरणं होती, आणि जिकडेतिकडे पाट्यांवर तोच शब्द. आजीच्या फणीची इतकी आठवण आली की परतताना गाडीत बसल्या बसल्या ठरवलं, आता या शब्दाचा शेवटपर्यंत छडा लावायचा.

छडा लावायला ग्रिम बंधूंच्या जर्मन शब्दकोशासारखी दुसरी जागा नाही. परीकथा गोळा करणारे तेच हे दोघे भाऊ. त्यांच्या कोशाचा पहिला खंड १८५४ साली आला आणि काम पुरं व्हायला १९६० उजाडलं, म्हणजे शंभराहून अधिक वर्षं. धाकटे विल्हेल्म यांनी ‘ड’चा भाग केला आणि १८५९ साली ते गेले. ‘ए’चा भाग थोरल्या याकोबनी स्वतः लिहिला. म्हणजे एल्फेनबाइनची नोंद खुद्द याकोब ग्रिम यांची. आयुष्यभर पऱ्या-यक्षिणींचा अभ्यास केलेल्या माणसालाही या शब्दात परी दिसलेली नाही.

जुनं रूप आहे ‘हेल्फांटबाइन’. साधारण इसवी सन ७५० ते १०५० या काळातल्या जर्मनला प्राचीन उच्च जर्मन म्हणतात, तिथलं हे रूप. ‘हेल्फांट’ म्हणजे हत्ती, लॅटिन ‘एलेफांतुस’वरून घेतलेला. पुढच्या काळात ‘हेल्फेनबाइन’ झालं, मधला ‘ट’ गेला, शेवटी सुरुवातीचा ‘ह’ही गेला आणि उरलं एल्फेनबाइन. दरम्यान हत्तीसाठी सुटा शब्द म्हणून लॅटिनजवळचं ‘एलेफांट’ रूप पक्कं झालं. त्यामुळे जोडशब्दात अडकलेला जुना हत्ती कुणाला ओळखू येईना. सुटा शब्द बदलतो आणि जोडशब्दाच्या पोटातला तसाच राहतो, हे जर्मनमध्ये पावलोपावली होतं.

आता परी. ही गोष्ट आमच्या बाईंना ठाऊक असती तर त्यांनी ते वाक्य उच्चारलंच नसतं. ‘एल्फे’ हा शब्द आजच्या रूपात जर्मनमध्ये आला अठराव्या शतकात, तोही इंग्रजीतून, इंग्रजी काव्य-नाटकांच्या भाषांतरांबरोबर. जर्मनचा स्वतःचा शब्द होता ‘आल्प’, म्हणजे रात्री छातीवर बसून गुदमरवणारं भूत. वाईट स्वप्नाला जर्मनमध्ये आजही ‘आल्पट्राउम’ म्हणतात, ते यावरूनच. ‘फ’ असलेली, पंखांची, गोड परी ही इंग्लंडहून आलेली पाहुणी आहे, आणि याकोब ग्रिम यांना ते परकं रूप पसंतही नव्हतं. हत्तीचं हाड तिच्या कित्येक शतकं आधीपासून घरात होतं. जी त्या वेळी जन्मालाच आली नव्हती, तिचा पाय शब्दात कुठून येणार?

आणि पायही नाहीच. ‘बाइन’चा मूळ अर्थ हाड. इंग्रजीतला ‘बोन’ याचाच सख्खा भाऊ. डच भाषेत ‘बेन’ म्हणजे आजही हाडही आणि पायही. जर्मनमध्ये हाडासाठी ‘क्नोखन’ हा शब्द रुळत गेला आणि ‘बाइन’ सरकत सरकत पायावर जाऊन बसला. पण जुन्या जोडशब्दांत तो अजून हाडच आहे: गळ्याजवळच्या हाडाला ‘श्ल्यूसेलबाइन’ म्हणतात, म्हणजे किल्लीचं हाड, नाकाच्या हाडाला ‘नाझेनबाइन’. नाकाला पाय असतो असं कुणी म्हणत नाही, मग हत्तीच्याच बाबतीत पाय कुठून आला? जुन्या इंग्रजीतही हस्तिदंताला हत्तीचं हाडच म्हणायचे, ‘एल्पेनबान’. स्वीडिश आणि डॅनिशमध्ये आजही ‘एल्फेनबेन’ आहे.

इथे आपलं कौतुक केल्याशिवाय राहवत नाही. हस्तिदंत हे हाड नाहीच, दात आहे. हत्तीचे सुळे म्हणजे वरच्या जबड्यातले वाढलेले पटाशीचे दात. आपल्या पूर्वजांनी हत्ती पाहिला होता, पाळला होता, म्हणून ते दंत म्हणाले. जर्मनांनी पांढरा, टणक तुकडा तेवढा पाहिला आणि हाड म्हटलं. त्या लोकांना हत्ती किती अनोळखी होता ते बघा: बगदादच्या खलिफा हारून अल-रशीदने सम्राट शार्लमेनला ‘अबुल अब्बास’ नावाचा एक हत्ती पाठवला, तो ८०२ साली आजच्या जर्मनीतल्या आखेनला पोहोचला आणि ८१० साली मेला, आणि त्या एका हत्तीचं नाव, येणं, मरणं सगळं इतिहासात नोंदलं गेलं. आपल्याकडे एकेका संस्थानाच्या पिलखान्यात किती हत्ती असत!

मी हे सगळं कागदावर लिहून काढलं आणि अण्णांना फोन केला. अण्णांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, “परी गेली, हे बरं झालं. आता माझ्या इभचं बोल. हत्ती आपला, मग शब्द कुणाचा?”

तर आता अण्णांच्या इभबद्दल, कारण समाजमाध्यमांवर हे मला दर महिन्याला कुणी ना कुणी ऐकवतं. अण्णांनी ती कल्पना मनाने रचली नव्हती. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्याच काही पंडितांनी ती मांडली होती आणि अण्णांनी ती कुठल्याशा जुन्या पुस्तकात वाचली होती. पण ती टिकत नाही. ग्रीसमध्ये मातीच्या पाट्यांवर लिहिलेली ‘लिनिअर बी’ नावाची लिपी सापडली, मायकेल व्हेंट्रिसने ती १९५२ साली उलगडली, आणि त्या पाट्यांवर हस्तिदंतासाठी शब्द निघाला ‘ए-रे-पा’. त्या लिपीत र आणि ल यांना एकच चिन्ह आहे, म्हणजे वाचायचं ‘एलेफा’ असंच. या पाट्या इसवी सनापूर्वी तेराव्या शतकाच्या आसपासच्या. त्या काळी कुणा अरबाचं ‘अल्’ आपल्या इभला चिकटून ग्रीसला पोहोचल्याचा तसूभरही पुरावा नाही. शिवाय ग्रीकमध्ये हा शब्द आधी हस्तिदंताचा आहे, हत्तीचा नंतर. होमरच्या काव्यात तो फक्त हस्तिदंत आहे. प्राणी म्हणून तो ग्रीक इतिहासकार हेरोडोटसकडे येतो, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात. आपले हत्ती ग्रीकांच्या समोर उभे राहिले ते अलेक्झांडरच्या स्वारीत. शब्द त्याच्या हजारेक वर्षं आधीचा. माल आधी पोहोचला, जनावर नंतर.

आणि वस्तूचा देश तोच शब्दाचा देश, हे गृहीतच चूक आहे. प्राचीन उच्च जर्मनमध्ये उंटाला ‘ओल्बेंटा’ म्हणत. गॉथिक या जर्मनच्या कुळातल्या जुन्या भाषेत उंट म्हणजे ‘उल्बांडुस’. हे दोन्ही त्याच हत्तीच्या शब्दाचे अवतार मानले जातात. दूरदेशी एक अवाढव्य जनावर असतं एवढंच कानावर आलं होतं, नाव हत्तीचं आलं आणि ते उंटाला चिकटलं. आता यावरून उंट आपला की हत्ती त्यांचा? काहीच ठरत नाही.

ज्यांना प्रत्येक परक्या शब्दात संस्कृत दिसतं त्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे की त्याने संस्कृतचा मान वाढत नाही. आवाज सारखा वाटला म्हणून नातं जोडायचं, हे आमच्या बाईंनी परीच्या बाबतीत केलं आणि अण्णांनी इभच्या बाबतीत. दोघांची चूक एकच होती. जुनं लिखित रूप शोधायचं, ते कोणत्या काळातलं आहे पाहायचं, आणि ध्वनिबदल एकाच शब्दात दिसतो की रांगेने अनेक शब्दांत, ते तपासायचं. रांग नसेल तर सोडून द्यायचं. आपणही पावरोटीच्या बाबतीत हेच करतो. पायांनी पीठ तुडवतात म्हणून पाव, असं मला लहानपणी आईनेच सांगितलं होतं. ‘पाव’ हा पोर्तुगीज लोकांचा ब्रेडसाठीचा शब्द. तो कुणाला कळेना म्हणून मागे ‘रोटी’ जोडली आणि पुढच्या माणसांनी त्यात पाय पाहिला. जर्मनच्या बाइनमध्ये आणि आपल्या पावात लोकांना पायच दिसावा, हे मला अजून नवलाचं वाटतं.

पण अण्णांशी माझा वाद इथे मिटला नाही. तो मिटला २०१६च्या दिवाळीत, आणि तेच मला खरं सांगायचं आहे.

त्या वर्षी आजी नव्हती. फणी अण्णांच्या कपाटात होती. मी ती मागून घेतली, पाटावर ठेवली आणि म्हटलं, “अण्णा, जर्मनमध्ये हिला ‘एल्फेनबाइनकाम’ म्हणतील. तीन तुकडे आहेत. पहिला तुकडा हत्तीचा, तो ग्रीक-लॅटिनहून उसना आलेला. दुसरा हाडाचा, तो त्यांच्या जर्मनिक कुळातला; आपलं ‘अस्थि’ लॅटिन ‘ओस’ आणि ग्रीक ‘ओस्तेओन’ यांच्या नात्यातलं, बाइनच्या नव्हे. तुम्ही आपलं नातं शोधलंत ते नेमकं पहिल्या तुकड्यात. ते तिसऱ्यात आहे.”

‘काम’ म्हणजे फणी. तिचं जुनं रूप ‘कांब’. इंग्रजीत फणीच्या शब्दाच्या शेवटी न उच्चारला जाणारा ‘ब’ लिहितात ना, तो हाच. संस्कृतात जिथे ‘ज’ येतो तिथे जर्मनमध्ये ‘क’ येतो, अशी एक मोठी रांग आहे: जानु आणि क्नी (गुडघा), ज्ञा आणि केनेन (ओळखणं), जन् आणि किंड (मूल). त्याच रांगेत कांबच्या समोर संस्कृतात उभा आहे ‘जम्भ’. जम्भ म्हणजे दात, दाढ, जबडा. फणी म्हणजे दातांची वस्तू. आपणही फणीला ‘दाते’ असतात असंच म्हणतो. आणि खुद्द ‘दंत’ हाही जर्मनमध्ये आहे, ‘त्सान’ या रूपात: दश आणि त्सेन, द्वि आणि त्स्वाय, तसे दंत आणि त्सान. इथे कुणी कुणाकडून उसनं घेतलेलं नाही. दोन्ही भाषा एकाच घरातून वेगवेगळ्या वाटांनी निघाल्या आणि हे शब्द दोघींनी बरोबर नेले.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आतून चष्मा आणि वही घेऊन आले. ‘जम्भ’ लिहिलं, खाली ‘कांब’ लिहिलं, ‘भ’ आणि ‘ब’ला खुणा केल्या. त्यांना वेदातलं ‘जम्भ’ तोंडपाठ होतं. ते संथ आवाजात म्हणून दाखवलं. मग मला म्हणाले, “हे तू आधी का नाही आणलंस?”

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग राहिलाच. एकच सांगते: चिचुंद्रीसारखा एक प्राणी जमिनीखाली बोगदे करतो, त्याला जर्मन लोक ‘माउलवुर्फ’ म्हणतात. आज ते ऐकलं की ‘तोंडाने फेकणारा’ असं वाटतं. जुन्या रूपात तो ‘ढीग फेकणारा’ होता, ढिगाचा शब्द विसरला गेला तेव्हा ‘माती फेकणारा’ झाला, मातीचाही शब्द विसरला गेला तेव्हा तोंड आलं. बाकीचे तुम्ही स्वतः शोधा, ग्रिमचा कोश आता इंटरनेटवर फुकट पाहता येतो.

एक-दोन गोष्टी वर घाईत लिहिल्या. ग्रीकांकडे तो शब्द कुठून आला यावर विद्वानांत मतभेद आहेत. त्याच्या शेवटच्या भागाचं नातं काही जण इजिप्तमधल्या हत्तीच्या शब्दाशी जोडतात, लॅटिनमधलं ‘एबुर’ म्हणजे हस्तिदंतही तिथलंच असावं. म्हणजे अण्णांचा इभ या दोघांच्या आवाजाजवळ जातो हे खरं, फक्त मधला रस्ता कुणाला दाखवता आलेला नाही. आणि आमच्या बाई वाईट शिकवत नव्हत्या. माझं जर्मनचं व्याकरण पक्कं आहे ते त्यांच्यामुळेच.

फणी मिरजेलाच आहे. हस्तिदंताची वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, आणि ती तिथेच राहावी असं मलाही वाटतं. दिवाळीला घरी गेले की माझ्या मुलीचे केस मी तिनेच विंचरते. मुलीला तिन्ही तुकडे पाठ आहेत, आणि ते तिच्याकडून म्हणवून घ्यायचं काम अण्णांकडे आहे.